उंबऱ्याआधी ट्रेंचमधून : गोदाकाठच्या एका तालुक्यातल्या अत्यावश्यक सुविधांची आपत्ती-तपासणी

गोदावरीच्या काठावरचं तालुक्याचं गाव. गावाच्या मधून एक ओढा वाहतो आणि स्मशानभूमीच्या खाली नदीला मिळतो. ओढ्याच्या अलीकडे जुनं गाव, बाजारपेठ, निजामकाळातल्या दगडी इमारतीतलं तहसील, पोलीस ठाणं, एसटी आगार, रेशनचं गोदाम. पलीकडच्या माळावर नवी वसाहत आणि ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. दोन्ही बाजूंना जोडणारा एकच फरशी पूल. ओढ्याकाठच्या गायरानात ३३/११ केव्हीचं वीज उपकेंद्र, कारण जागा फुकट होती. नदीत नगरपंचायतीची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर.

हा तालुका नकाशावर शोधू नये. परभणी-नांदेड पट्ट्यातल्या नदीकाठच्या तालुक्यांची लक्षणं एकत्र करून तो उदाहरणासाठी उभा केला आहे. पुढे येणारे त्याचे तळांक (जागांची मोजलेली उंची) आणि तासांचे हिशेबही नमुन्याचे आहेत. मानकं, नियम आणि घडून गेलेल्या आपत्ती मात्र खऱ्या आहेत.

तपासणीची मूळ पद्धत समुद्रकिनाऱ्यावरची. १९९६ मध्ये बर्था आणि फ्रॅन या दोन चक्रीवादळांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा किनारा झोडपला. त्यानंतर तिथल्या न्यू हॅनोव्हर काउंटीसाठी नोआ या अमेरिकी सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेनं एक चौकट बसवली : आधी धोके ओळखायचे, त्यांची क्षेत्रं नकाशावर काढून त्यांना गुण द्यायचे, मग रुग्णालय, अग्निशमन, पोलीस, निवारे अशा सुविधा त्या नकाशावर ठेवायच्या आणि कोणती सुविधा किती धोक्यांच्या पट्ट्यात येते ते पाहायचं. लोकवस्ती, रोजगार, पर्यावरण यांचे थर त्यानंतर. चौकट चांगली आहे आणि मराठवाड्यातही चालते. सागरी लाटेच्या जागी नदीचा फुगवटा घ्यायचा, चक्रीवादळाच्या जागी वळवाचा वारा आणि गारा. भूकंप आणि दुष्काळ आपले आपण घालायचे.

पहिली यादी कुठे चुकली

पहिल्या फेरीत प्रत्येक सुविधेला पूर, भूकंप, वीज पडणं, वारा-गारा आणि दुष्काळ या पाच धोक्यांसाठी ० ते ५ गुण दिले आणि बेरीज केली. तहसील पहिलं आलं : दगडी इमारत, लाल (मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या आत, जुनं छप्पर. रुग्णालय तळाला गेलं : उंचावर, आरसीसी, नवं. शेरा पडला, ‘सुरक्षित’. उपकेंद्र मधेच कुठेतरी राहिलं.

बेरजेचा हा दोष जुना आहे. दुष्काळाचे ३ आणि विजेचे ३ मिळून पुराच्या ५ पेक्षा मोठे होतात, आणि ज्या सुविधेला सगळ्यांचा थोडा थोडा त्रास आहे ती वर चढते. ज्या सुविधेला एकच धोका आहे पण तो एका रात्रीत तालुका बंद पाडणारा आहे, ती खाली राहते. म्हणून दुसऱ्या फेरीत गुण बाजूला ठेवून तीन साधे प्रश्न घेतले : किती वेळा, किती तास बंद, आणि बंद पडल्यावर आणखी कोण बंद. शिवाय जिवाची जोखीम आणि सेवेची जोखीम यांचे रकाने वेगळे केले. इमारत पडून आतली माणसं दगावणं ही एक गोष्ट, इमारत उभी असून तिचं काम थांबणं ही दुसरी. यांची बेरीज होत नाही.

दुसरी चूक यादीतच होती. सुविधांची यादी खात्यांकडून मागवली, म्हणून ती इमारतींची यादी झाली. पाणीपुरवठ्याच्या नावापुढे जलशुद्धीकरण केंद्राची इमारत आली. नदीकाठचं रोहित्र आणि स्टार्टर पॅनेल कुणाच्याच यादीत नव्हतं. जीपीएस बिंदू तर बहुतेक कार्यालयांच्या फाटकावर घेतलेले. उपकेंद्राचं फाटक रस्त्याला, उंचावर. नियंत्रण कक्ष मागे ओढ्याकडे, तिथली जमीन फाटकापेक्षा मीटरभर खाली. बिंदू पूररेषेबाहेर, खोलीची जमीन आत.

तळांक

इथं घाई करू नये. सगळ्या तपासणीचा जीव याच कामात आहे. मोफत मिळणाऱ्या उपग्रही उंची-नकाशांतली चूक काही मीटरची असू शकते, आणि आपला प्रश्न ४५ सेंटिमीटरचा आहे. तेव्हा ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची मोजपट्टी) घेऊन फिरण्याला पर्याय नाही. एका पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून निघायचं, सगळ्या सुविधांवरून फिरून परत त्याच बेंचमार्कवर यायचं. फेरी बंद होताना फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर पुन्हा फिरायचं.

जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फसगत होते. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की पाव शतक निवांत, असं नाही. दर वर्षी ४ टक्के शक्यता. जी यंत्रणा ३० वर्षं वापरायची आहे तिला तेवढ्या काळात हा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. १०० वर्षांच्या पुरासाठीही ती २६ टक्के आहे.

रेषा जागेवर ताडून पाहायला पूरखुणा लागतात. ऑगस्ट २००६ चा गोदावरीचा पूर काठच्या लोकांच्या चांगला लक्षात आहे, त्यामुळे घाटाची पायरी, मारुतीचा ओटा, पिठाच्या गिरणीची भिंत अशा खुणा मिळतात. एकीवर विसंबू नये, निदान तीन घ्याव्यात. गोदावरीचा उतार या पट्ट्यात किलोमीटरमागे सरासरी फूटभराच्या आसपास. तेव्हा पाचशे मीटरवरच्या दोन खुणांत मीटरभर फरक दिसला तर एक खूण चुकीची आहे, किंवा ती नदीच्या पाण्याची नसून ओढ्याच्या पाण्याची आहे. ही दुसरी शक्यता नेहमी तपासावी. नदी चढली की ओढ्याचं तोंड बंद होतं, गावावर पडलेला पाऊस बाहेर निघत नाही, आणि पाणी ओढ्यातून उलटं वर सरकतं. गावातले बरेच पूर खरं तर असे असतात. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस अशी बंधाऱ्यांची रांग नदीत उभी असल्यानं दारं कधी उघडली यावरही पातळी हलते.

नमुना तालुक्यात निळी रेषा शून्य धरली. लाल रेषा +१.६० मीटर. रुग्णालयाचं जोतं +२.८०. तहसील +१.१०. उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षाची फरशी +०.४५. जॅकवेलच्या मोटारींचा मजला +३.००, पण काठावरच्या रोहित्राचा आणि स्टार्टर पॅनेलचा ओटा +०.२०. पेट्रोलपंप +०.३०. फरशी पूल −१.९०.

कागदावर उपकेंद्र निळ्या रेषेच्या ४५ सेंटिमीटर वर आहे, म्हणजे २५ वर्षांच्या पुरात कोरडं. तिथल्या ऑपरेटरला मात्र ‘पाणी खोलीत येतं का’ असं विचारायचं नसतं. ‘पहिल्यांदा कुठून शिरतं’ असं विचारायचं. उत्तर ठरलेलं : ट्रेंचमधून, म्हणजे केबलींच्या चरातून. स्विचयार्डातून केबली ज्या पाइपांतून खोलीखालच्या ट्रेंचमध्ये येतात, त्यांची तोंडं −०.१० वर आहेत आणि उघडी आहेत. उंबरा कोरडा असताना पॅनेलखालचा खड्डा भरतो. पॅनेलमधल्या खालच्या टर्मिनल पट्ट्या आणि जमिनीलगत ठेवलेली डीसी बॅटरी आधी ओली होतात. बॅटरी गेली की ब्रेकर (पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप करायला ताकद उरत नाही. पुढे कुठे तार तुटून पाण्यात पडली तरी पुरवठा तोडणारं काही राहत नाही. म्हणून ऑपरेटर आधीच वरून लाइन बंद करून घेतो, आणि त्याचं बरोबर असतं. पाणी ओसरल्यावरही लगेच वीज येत नाही. गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, पॅनेल वाळवायचं, मेगर हे मापक लावून इन्सुलेशन पाहायचं, मगच चार्ज करायचं. यात दोन-तीन दिवस सहज जातात.

रुग्णालयाचा एकोणिसावा तास

आता घड्याळ लावून पाहू. ओढ्याचं पाणी तासाला २० सेंटिमीटर चढतंय असं धरू. फरशी पूल पाण्याखाली गेला तो शून्य तास. तिथून ट्रेंचच्या तोंडापर्यंत १.८० मीटर, म्हणजे नवव्या तासाला उपकेंद्र बंद. जॅकवेलच्या पॅनेलला पाणी लागायला आणखी दीड तास आहे, पण वीजच नसल्यानं पंप आधीच थांबलेले. रुग्णालयात ६२.५ केव्हीएचा जनरेटर सुरू होतो. टाकीत १२० लिटर डिझेल, खर्च तासाला १२ लिटरच्या आसपास, म्हणजे दहा तास. एकोणिसाव्या तासाला अंधार.

डिझेल आणायचं तर पंप ओढ्याच्या अलीकडे, पूल बंद. पूल चालू असता तरी पेट्रोलपंपाला वीज नाही आणि त्याचा स्वतःचा जनरेटर असेलच असं नाही. पाण्याचा हिशेब : भारतीय मानकात शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर धरतात, ३० खाटांना १०,२०० लिटर. साठवण १०,००० लिटर. म्हणजे पंप थांबल्यापासून एक दिवस, तोही टाक्या काठोकाठ भरलेल्या असतील तर. मोबाइल मनोऱ्याची बॅटरी काही तासांची, नंतर त्यालाही डिझेलच हवं.

पुराचं पाणी ज्या इमारतीच्या पावणेतीन मीटरहून जास्त खाली राहिलं, ती इमारत अशी वीज, पाणी, रस्ता आणि फोन या चारही बाजूंनी बंद पडते, आणि तेही निळ्या रेषेपर्यंत न पोचलेल्या पुरात. ‘सुरक्षित’ हा शेरा इथं खोडावा लागतो. हे शोधायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. सुविधांची नावं आडवी-उभी लिहून चौकोन काढायचा, प्रत्येक घरात एकच आकडा : उभीतली सुविधा बंद पडली तर आडवीतली किती तास तग धरेल. ज्या उभ्या ओळीत लहान आकड्यांची गर्दी दिसते ती सुविधा यादीत पहिली. इथं ती उपकेंद्राची ओळ निघाली. आकडे खात्याच्या पत्रानं मागवू नयेत. पत्राला ‘चोवीस तास’ असं उत्तर येतं. जनरेटरच्या टाकीत पट्टी बुडवून पाहावी.

निवाऱ्यांचीही अशीच गंमत. यादीत जिल्हा परिषदेची शाळा ‘३०० लोकांचा निवारा’ म्हणून आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकात माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा आणि ३० जणांमागे एक शौचालय. तीस चौरस मीटरची वर्गखोली आठ माणसांची. सहा खोल्यांची शाळा पन्नासेक माणसांची. शिवाय शाळेचं जोतं +०.९०, लाल रेषेच्या खाली. माळावरची दुसरी शाळा +३.४० वर आहे, पण तिथं गुरं बांधायला जागा नाही, आणि गुरं मागं ठेवून लोक निघत नाहीत. निवारा ठरवताना गोठ्याची जागा आधी बघितली तर पुढची बरीच हुज्जत वाचते.

भूकंप : तहसीलचं काय करायचं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२, बळी दहा हजारांच्या घरात. तोवर हा भाग भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्यात आला. म्हणून मराठवाड्यात कुठल्याही सरकारी इमारतीबद्दल पहिला प्रश्न तिच्या वयाचा नसून आराखड्याच्या तारखेचा असतो : २००२ च्या आधीचा की नंतरचा? दुसरा, गणितात महत्त्व गुणांक (महत्त्वाच्या इमारतीसाठी भूकंपाचा जोर वाढवून धरायचा आकडा) १.५ धरला होता का? रुग्णालयासाठी तो तेवढा हवा.

किल्लारीत माणसं मेली ती दोन-अडीच फुटी दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या ओझ्याखाली. या भिंती दिसायला एक, असतात दोन : बाहेरचा थर, आतला थर, मधे भर. दोघांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात थर सुटतात. तहसीलच्या भिंतीत हेच पाहायचं. दरज्यांत खिळा खुपसून बघायचा : सहज गेला तर माती, अडला तर चुना. दुरुस्ती ठरलेली आहे. भिंतीतला एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. उभ्या अंतरात ६०० मिलिमीटर आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या पुढे जायचं नाही. दारा-खिडक्यांच्या वरून चहूबाजूंनी पट्टा. भोकं खालून वर आणि एकाआड एक पाडायची. एका रांगेतले सगळे दगड एकदम काढले तर भूकंपाची वाट बघावी लागत नाही.

तरीही सेवेच्या रकान्यात तहसील वर येत नाही. आपत्तीत त्यातलं जे चालू राहायला हवं ते म्हणजे एक खोली, बिनतारी संच आणि याद्या. हे तासाभरात पंचायत समितीत हलवता येतं. जिवाच्या रकान्यात मात्र ते पहिलंच राहतं, कारण दुपारी तिथं दाखल्यांसाठी दोनशे माणसं उभी असतात. दोन रकाने वेगळे ठेवल्याचा उपयोग हा.

हिंगोली परिसरात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. अशा धक्क्यानंतर आसपासच्या तालुक्यांतून ‘इमारतीला भेगा’ म्हणून अर्ज येतात. त्यातल्या बऱ्याच भेगा काळ्या मातीच्या असतात. कोपऱ्यातून तिरपी जाणारी, एका टोकाला रुंद, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग पायाखालची माती आकसल्याची. दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारखी भेग दिसली तर ती हादऱ्याची. खात्री नसेल तेव्हा भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय.

रुग्णालयाच्या आत भूकंपाचं काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा राहून जातं. ऑक्सिजनची सिलिंडरं उंचीच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशवर दोन साखळ्यांनी भिंतीला बांधणं, औषधांची कपाटं मागून अँकर करणं, गच्चीवरच्या टाक्यांना लोखंडी कडं, जनरेटरच्या बॅटरीला पट्टा. एका सुताराचं आणि एका वेल्डरचं दोन दिवसांचं काम.

वीज आणि गारा यांवर फार लिहिण्यासारखं नाही. आरोग्य केंद्राच्या गच्चीवर वीजरोधक असतो, पण खाली येणारी पट्टी मधेच कापून नेलेली किंवा अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा. तपासणी पावसाळ्यात केली तर हे दिसत नाही. रेशन गोदामाचे पन्हाळी पत्रे वाऱ्यात उडतात ते कडेच्या ओळीतले आधी, तेव्हा तिथं हुक दुप्पट लावावेत.

दुष्काळाची वही वेगळी

बंद पडण्याचे तास मोजायला लागलं की दुष्काळ बाकी सगळ्यांना गिळतो, कारण तो महिन्यांत मोजला जातो. म्हणून त्याचा तक्ता स्वतंत्र. लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. मांजरा धरण आटल्यावर शहराची दुसरी सोय उरली नव्हती. नमुना तालुक्यात जॅकवेलचं सगळ्यात खालचं पोर्ट (पाणी आत घेणारं भोक) आणि नदीपात्रातल्या डोहाचा तळ यांच्यातलं अंतर मोजायचं. पाणी पोर्टच्या खाली गेलं की पात्रात पाणी दिसत असूनही गाव कोरडं पडतं. मग चर खोदून पाणी जॅकवेलकडे ओढतात, गाळ आत येतो. त्या दिवसांत रुग्णालयाला रोज एक दहा हजारी टँकर लागेल, आणि टँकर भरण्याच्या विहिरीवरही वीज लागेल. पुन्हा तेच उपकेंद्र.

कामांचा क्रम

पहिलं काम सगळ्यात लहान : केबल पाइपांची तोंडं फुगणाऱ्या सीलंटनं बंद करणं. रेतीची पोती नकोत, ती पाणी अडवत नाहीत, गाळतात. ट्रेंचला पाणी गोळा व्हायचा खड्डा (संप) आणि इंजिनावर चालणारा पंप, बॅटरीचा स्टँड मीटरभर वर. पाणी आता ट्रेंचऐवजी +०.४५ च्या उंबऱ्यावरून यायला लागेल, म्हणजे ५५ सेंटिमीटर मिळाले. वरच्याच वेगानं पावणेतीन तास. दारात खाचा करून फळ्या बसवल्या की आणखी काही. मग जॅकवेलचा ओटा लाल रेषेच्या ६० सेंटिमीटर वर, +२.२० ला.

रुग्णालयात तीन दिवसांचं डिझेल म्हणजे ८६४ लिटर. एवढा साठा करण्यापेक्षा प्रसूतिगृह, आपत्कालीन कक्ष, लशींचा फ्रीज, ऑक्सिजन आणि पाण्याची मोटार यांची वायरिंग वेगळी करून त्यांना लहान जनरेटर देणं शहाणपणाचं. ही कामं राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीत बसतात. पंधराव्या वित्त आयोगानं आपत्ती निधीचा २० टक्के भाग त्यासाठीच वेगळा काढला होता.

फरशी पूल उंच करा, ही मागणी प्रत्येक पावसाळ्यानंतर येते. ती रास्त आहे, पण इथं एक मेख आहे. सध्याच्या नळकांड्यांत जलपर्णी आणि झाडांच्या फांद्या अडकतात, तरी वरून पाणी वाहून जातं. उंच भराव घालून मधे अपुरी मोरी ठेवली तर तो पूल ओढ्यावरचा बांध होईल आणि वरच्या अंगाला पाणी तुंबेल. वरच्या अंगाला उपकेंद्र आहे. म्हणून पुलाच्या प्रस्तावासोबत वरची पातळी किती सेंटिमीटर वाढेल याचं गणित आणि ट्रेंचचा −०.१० हा तळांक जोडलेला असावा. तोवर पुलाच्या खांबावर रंगानं खुणा करून −३.०० ला लाल पट्टा मारायचा. पाणी त्या पट्ट्याला लागलं की वरच्या वेगानं पूल बंद व्हायला साडेपाच तास आहेत. तेवढ्यात डिझेलची पिंपं, दुसऱ्या पाळीचे डॉक्टर-नर्स, एक रुग्णवाहिका आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाया पलीकडे पोचवायच्या. हा हुकूम तहसीलदारांच्या फोनची वाट न बघता पट्टा पाहणाऱ्या कोतवालानं द्यायचा, आणि तसं लेखी आधीच काढून ठेवायचं.